लेकरांजवळ बसायला वेळ द्या, बाकीचं आम्ही बघतो

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात वाचकांच्या पत्रांमध्ये एका ज्येष्ठ वाचकांचं पत्र आलं होतं, की पूर्वी गुरुजींचा दरारा होता, आता दरारा पण राहिला नाही आणि मायाही राहिली नाही, जि.प.चे शिक्षक नुसते मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेले असतात. मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेवर शिक्षिका आहे. पत्र वाचून राग नाही आला, वाईट वाटलं, कारण मोबाईलमध्ये डोकं घालून बसतात हे त्यांनी जे पाहिलंय ते खरंच आहे, पण त्या मोबाईलमध्ये आम्ही काय करत असतो हे रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसत नाही आणि मग शिक्षक आणि लेकरांमध्ये नेमकं काय बिघडलंय हे सगळं उलटंच समजलं जातं. म्हणून लिहितेय. पत्र मोठं होणार आहे, जमेल तेवढं छापा.

आधी दराऱ्याचं सांगते. आमच्या वेळी शाळेत निरगुडीची छडी असायची आणि पाढा चुकला की हाताला वळ उठायचे, कोंबडा व्हायला लावायचे, आणि त्या भीतीने कितीतरी पोरं शाळा सोडून गुरांमागे गेली ती परत आलीच नाहीत. त्या पोरांची आठवण कुणी काढत नाही, जे टिकले तेच आज म्हणतात की छडीने आम्ही घडलो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात कलम १७ आहे, मुलाला मारायचं नाही आणि मानसिक छळही करायचा नाही, आणि मला मनापासून वाटतं की हा कायदा झाला ते फार चांगलं झालं. आज माझ्या वर्गातलं पोरगं भर वर्गात उभं राहून म्हणतं "मॅडम मला नाही समजलं, परत सांगा". आमची टाप होती का असं म्हणायची?

पण एक आहे, की मारायचं नाही म्हणल्यावर मग करायचं काय हे शिकायला वेळ पण लागतो आणि माणसं पण लागतात, ते कुणी दिलं नाही. एक बाप येऊन म्हणतो "मॅडम दोन ठेवून द्या पण शिकवा त्याला", त्याला समजवावं लागतं की दादा मारून नाही येत वाचायला. आणि दुसऱ्या कुणाच्या लेकराला नुसतं जोरात बोललं तरी संध्याकाळी चार माणसं मोबाईलवर शूटिंग करत गेटवर उभी. दोन्ही बाजूंनी आम्हीच मधी. तरी सांगते, यातून मार्ग निघतो. आई-बापाशी चार वेळा बोललं, घरी जाऊन आलं, लेकराचं दुखणं-खुपणं माहीत असलं की हे सगळं निभतं. त्यालाही वेळच लागतो, आणि माझं सगळं गाऱ्हाणं त्या वेळेचंच आहे.

आमची शाळा द्विशिक्षकी आहे, पहिली ते चौथी, पट ४१. सरांकडे पहिली-दुसरी आणि मुख्याध्यापकाचा प्रभार, माझ्याकडे तिसरी-चौथी. कायद्याप्रमाणे ६० पर्यंत पट असला की दोन शिक्षक, म्हणजे कागदावर सगळं बरोबर आहे. पण कागदावर कुणी हे बघत नाही की शिक्षक दोन असले तरी वर्ग चार आहेत, आणि सर केंद्रावर (आठ-दहा शाळा मिळून एक केंद्र असतं) मिटींगला किंवा तालुक्याला प्रशिक्षणाला गेले की मी एकटी आणि चार वर्ग. पहिलीची लेकरं तर अशी असतात की एकाला शू लागली की पाच जणांना लागते. त्यांना सांभाळत चौथीला भागाकार शिकवायचा.

आता मोबाईलचं. सकाळी परिपाठ होतो, राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची प्रास्ताविका, सुविचार, गोष्ट, पाढे. हा आमचा दिवसातला सगळ्यात चांगला वेळ, मी तर म्हणेन हाच एक वेळ कुणी हिसकावून घेतला नाही. परिपाठ संपला की हजेरी घ्यायची, ती कॅटलॉगमध्ये घ्यायची आणि ऑनलाइन पण भरायची. मग पोषण आहाराची संख्या ॲपवर टाकायची. आमच्या इमारतीत रेंज येत नाही, ती येते मारुतीच्या पारापाशी, त्यामुळे मॅडम पाराजवळ मोबाईल वर धरून उभ्या आहेत हे दृश्य गावाने रोजचं पाहिलंय. तेवढ्यात ग्रुपवर येतं "अतितातडीचे, आज दुपारी १२ पर्यंत, न भरल्यास आपणास जबाबदार धरण्यात येईल". केंद्राचा ग्रुप वेगळा, तालुक्याचा वेगळा, आहाराचा वेगळा, परीक्षेचा वेगळा, मतदार यादीचा वेगळा. एकच माहिती तीन ग्रुपवर तीन वेगवेगळ्या तक्त्यात मागतात. मुलींची संख्या किती, शौचालय किती, नळ आहे का, हे सगळं आम्ही दरवर्षी युडायस प्लस ला, म्हणजे शाळांच्या माहितीच्या सरकारी पोर्टलवर, भरतोच, मग जी माहिती एकदा सरकारकडे गेलीये तीच परत एक्सेलमध्ये कशाला पाहिजे हे मी वरच्यांना नम्रपणे विचारलेलं आहे. वरून आलंय, एवढंच उत्तर मिळतं. वर म्हणजे नेमकं कुठून ते त्यांनाही माहीत नसतं, त्यांचा तरी काय दोष.

आधारचं तर विचारूच नका. पोराचं नाव शाळेत एक, आधारवर एक, जन्मदाखल्यावर तिसरंच. आधार जुळलं तरच ते पोरगं संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शाळेला किती शिक्षक द्यायचे ते ठरवताना, धरतात, म्हणजे लेकरू रोज समोर मांडी घालून बसलंय, भात खातंय, कविता म्हणतंय, पण कंप्युटरला ते दिसत नाही. आणि चार-पाच पोरं नाही धरली तर शिक्षकाचं पदच जाऊ शकतं. मग आम्ही बापाला फोन करतो, तो असतो कुठंतरी ऊसतोडीच्या फडात, म्हणतो "मॅडम सुटी टाकली तर मुकादम खाडा लावतोय, आल्यावर बघू". त्यात आता अपार आयडी, म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याचा कायमचा ओळख नंबर, आलं, त्याचं संमतीपत्र, त्याला पण नाव तंतोतंत जुळायला लागतं.

पोषण आहाराबद्दल मी तक्रार करणार नाही, ती योजना राहिलीच पाहिजे, आमच्याकडे असं लेकरू आहे जे सोमवारी जरा जास्तच भात मागतं आणि ते का मागतं हे आम्हाला समजतं. पहिली ते पाचवीला दर लेकरामागं १०० ग्रॅम तांदूळ, ४५० कॅलरी, १२ ग्रॅम प्रोटीन असं मोजून ठरलेलं आहे आणि स्वयंपाकाच्या ताई खूप मायेने करतात. शिक्षकाने आधी चव घेऊन वहीत नोंद करायची हेही बरोबरच आहे, लेकरांच्या जिवाचा प्रश्न असतो. पण साठा नोंदवही, तांदूळ किती आला किती संपला, डाळ किती, तेल किती, भाजीपाला-इंधनाचं बिल, हे सगळं पण शिकवणाऱ्यानेच करायचं म्हणल्यावर दुपारचा एक तास तिथंच जातो. एक लिहिणारा माणूस तीन-चार शाळांत मिळून दिला तरी चालेल, तो पण नाही.

एक प्रसंग सांगते म्हणजे मला काय म्हणायचंय ते समजेल. तिसरीत एक पोरगा आहे, अक्षरं येतात पण अक्षराला अक्षर जोडून शब्द होत नव्हता, कितीतरी दिवस आम्ही दोघं त्याच्याच मागे होतो. एक दिवस पुस्तकावर बोट ठेवून त्याने डों... डोंग... असं सुरू केलं, ओठ हलत होते, कपाळाला आठ्या, पूर्ण लेकरू त्या एका शब्दात उतरलं होतं, आणि फोन वाजला. तालुक्याहून होता, ऑनलाइन माहितीची लिंक भरली नाही म्हणून. उचलावाच लागतो, नाही उचलला तर ग्रुपवर सगळ्यांसमोर शाळेचं नाव टाकतात. मी बाहेर जाऊन बोलून आले तोवर त्याने पुस्तक मिटून दप्तरात ठेवलं होतं आणि शेजारच्याशी खडे खेळत होता. परत काढायला लावलं तर म्हणतो "उद्या वाचतो मॅडम". ज्यांनी लहान लेकराला वाचायला शिकवलंय त्यांना माहितीये की तो एक क्षण असतो, तो आला की सगळं सोडून तिथंच बसायला लागतं. पुढं तो शिकला वाचायला, छान वाचतो आता, पण त्या दिवशी वाचला असता ना.

आणि लेकरांना सगळं समजतं बरं का. आम्ही हातात मोबाईल घेतला की आमची पोरं आपोआप ओळीत उभी राहतात आणि विचारतात "मॅडम आज कशाचा फोटो?" झाडाचा, हात धुण्याचा, वाचनाचा, शपथेचा, कधी फलक धरून. झाड लावायला पोरांना खूप आवडतं, त्यांनी घरून शेणखत आणलं होतं, पण आता एक पोरगी रोप खड्ड्यात ठेवून तसंच हात लावून बसते आणि माझ्याकडे बघते, फोटो होईपर्यंत माती लोटत नाही. मला याचं फार वाईट वाटतं. शाळा म्हणजे वरच्यांना दाखवायची गोष्ट आहे असं आठ वर्षांच्या लेकराला वाटायला लागलं तर ते आपल्याजवळ मनातलं कसं बोलणार?

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये स्पष्ट लिहिलंय की शिक्षकाला दशवार्षिक जनगणना, आपत्तीतलं मदतकार्य आणि निवडणुका सोडून बाकी अशैक्षणिक कामाला लावायचं नाही. निवडणूक म्हणलं की त्यात बीएलओ आलं, म्हणजे मतदार यादीचं काम, आणि ते वर्षभर चालूच असतं, घरोघर फिरा, मयत वगळा, नवीन घ्या. २०२३ ला निरक्षरांचं सर्वेक्षण आलं तेव्हा राज्यभरच्या शिक्षकांनी बहिष्कार टाकला होता तो काही आळसापोटी नव्हता. मग २०२४ साली शासनानेच शासन निर्णय काढून कोणती कामं शैक्षणिक आणि कोणती अशैक्षणिक याची यादी केली, तेव्हा वाटलं होतं आता सुटलो. पण माहिती भरणं हे शैक्षणिकमध्येच गेलं, म्हणून आमच्या रोजच्यात काही फरक पडला नाही. त्याच कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीला वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन आणि शिक्षकाला तयारी धरून आठवड्याला ४५ तास असं ठरवलंय. तयारी धरून, हे दोन शब्द कुणीतरी विचार करून घातलेत. आमची तयारी होते रात्री भांडी घासून झाल्यावर, आणि त्याच वेळी ग्रुपवर पण मेसेज पडत असतात.

आता आमच्या भागाचं सांगते, कारण पुण्या-मुंबईच्या वाचकांना हे माहीत नसेल. आमच्याकडे दिवाळी झाली की ऊसतोडीसाठी गाव अर्धं रिकामं होतं. मुकादमाकडून, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ पैसे) घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता, अशा कोयत्यांची टोळी ट्रॅक्टर नाहीतर ट्रकमध्ये बसून साखर कारखान्याला निघते, कोल्हापूर, सांगली, सातारा, नाहीतर कर्नाटकात. वर भांडीकुंडी, सरपण, शेळी, कोंबड्या आणि आमची लेकरं. दप्तर पण सोबत घेतात काही जण. आम्ही त्यांना शिक्षण हमी कार्ड देतो, म्हणजे जिथं जातील तिथल्या शाळेत बसता यावं, पण कोपी, म्हणजे राहायची झोपडी, असते रानात, शाळा लांब, आठ-दहा दिवसाला फड बदलतो, आणि कर्नाटकात गेलं तर शाळा कानडी. आणि मुळात तिथं लहान भावाला सांभाळायला कुणीतरी लागतं ते कोण, तर आमची तिसरी-चौथीतली पोरगी.

हंगामी वसतिगृहाची योजना आहे, चांगली आहे, आई-बाप गेले तरी लेकरू गावातच आजीकडे चुलत्याकडे राहतं आणि जेवणाची सोय शाळा व्यवस्थापन समितीमार्फत होते. जी लेकरं यात राहतात त्यांची शाळा टिकते, हे मी डोळ्याने पाहिलंय. रात्री नऊला फोन येतो, मागं ट्रॅक्टरचा आवाज, "मॅडम, लेकरू येतंय ना शाळंत? जेवतंय ना?" त्यावेळी माझा स्वयंपाक चालू असला तरी मी फोन उचलते आणि सगळं सांगते, आज काय वाचलं, कुणाशी भांडलं, खोकला कमी आहे का. त्या बापाला दुसरं कोण सांगणार? सरकारी भाषेत याला पालक संपर्क म्हणतात, त्याचा पण एक तक्ता आहे.

जी जातात ती गुढीपाडव्याच्या आगेमागे परत येतात. मागं एक चौथीतली पोरगी अशी आली. केस पिंजारलेले, हाताला पाचटाचे ओरखडे, मागच्या भिंतीला टेकून बसायची आणि खाली मान. वही उघड म्हणलं की उघडायची, लिहायची काहीच नाही. जाताना ती जोडाक्षरं वाचायची, आल्यावर साधं वाक्य अडत होतं, आणि तिला स्वतःला ते समजत होतं म्हणून ती जास्त गप्प होती. मी पुस्तक बाजूला ठेवलं. तिच्याजवळ बसून विचारत गेले की कुठल्या कारखान्याला होते, उठायचे कधी, तू काय करायचीस. दोन-तीन दिवस नुसतं हूं हूं, मग एकदा बोलायला लागली. पहाटे आई उठवायची, ती भाकरी करायची, भावाला घ्यायची, गाडी भरताना मोळ्या मोजायची. मोळ्या कशा मोजतात म्हणलं तर तिने मला समजावून सांगितलं, एका खेपेला एवढ्या, दिवसात एवढ्या खेपा, मधी तुटलेली मोळी धरायची नाही, आणि मुकादमाने कमी लिहिलं की बापाला हळूच सांगायची. तिला गुणाकार तोंडी येत होता, हिशोबात बेरजेपेक्षा पुढं गेली होती ती. मी फळ्यावर तिचीच खेप मांडली आणि अख्ख्या चौथीने ते गणित केलं, आणि जिथं अडलं तिथं सांगायला ती पुढं आली, फळ्यापाशी. त्यानंतर ती पुढच्या रांगेत बसायला लागली. वाचन यायला वेळ लागला, पण बसायला तर लागली.

हे काम कुठल्याही लिंकमध्ये भरता येत नाही. आणि नेमकं त्याच एप्रिलमध्ये संकलित चाचणी, तिचे गुण पोर्टलवर, निकालपत्रकं, पुढच्या वर्षीचा पट, दाखलपात्र मुलांचं सर्वेक्षण हे सगळं एकदम येतं. सहा महिने शाळेत नसलेल्या लेकराचे आणि रोज आलेल्या लेकराचे गुण एकाच रकान्यात जातात आणि मग शाळा मागे आहे असं ठरतं. केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानाचं लक्ष्य आहे की २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या प्रत्येक लेकराला समजून वाचता यावं आणि साधं गणित यावं. मला हे लक्ष्य शंभर टक्के मान्य आहे, माझं स्वतःचंच लक्ष्य आहे ते. पण त्यासाठी लेकरासमोर बसायला लागतं, त्याच्याबद्दल माहिती भरून ते वाचायला शिकत नाही.

अजून एक गोष्ट, जी लिहावी की नाही असा विचार करत होते पण लिहिते. आमच्याकडे मुलींची लग्नं लवकर होतात, कायदा आहे, १८ च्या आत करता येत नाही, पण कोयता जोडीने लागतो, आणि वयात आलेली पोरगी मागं ठेवून सहा महिने जायचं तर आई-बापाच्या जिवाला घोर, म्हणून उरकून टाकतात. चौथी पास होऊन गेलेली माझी एक विद्यार्थिनी काही वर्षांनी स्टँडवर भेटली तर गळ्यात मंगळसूत्र, कडेवर लेकरू, मला बघून लाजली आणि पाया पडली. मला काय बोलावं ते सुचलं नाही.

तर झालं असं की मध्यंतरी एका दुपारच्या सुट्टीत मी बाहेर पायरीवर बसून एका पोरीची वेणी घालत होते, रिबिन सुटली होती तिची, आणि ती सहज बोलून गेली की "मॅडम काल ताईला बघायला पाहुणे आलते, पेढे आणलते". ताई म्हणजे आमचीच जुनी विद्यार्थिनी, तेव्हा आठवीत. सरांनी आणि मी ग्रामसेवकांना सांगितलं, बालविवाह प्रतिबंधक अधिकारी गावात तेच असतात, अंगणवाडीच्या ताई आणि आशाताई सोबत आल्या, सगळ्यांनी जाऊन घरच्यांना समजावलं. बाप आधी खूप चिडला, नंतर रडला, म्हणाला मी काय करू मॅडम, हिला कुणापाशी ठेवू. शेवटी मावशीकडे राहायची सोय झाली आणि पोरगी शाळेत राहिली. हे कुणाचं कौतुक म्हणून सांगत नाही, गावातल्या पाच-सहा जणांनी मिळून केलं. पण ती बातमी आली कुठून, तर वेणी घालताना. त्या दुपारी मी पारापाशी रेंज शोधत असते तर ती पोरगी मला सांगायला तिथं आली नसती. १०९८ हा मुलांच्या मदतीसाठीच्या चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर आमच्या भिंतीवर रंगवलेला आहे, तो असलाच पाहिजे, पण दहा वर्षांचं लेकरू नंबर लावत नाही, जवळ बसलेल्या माणसाला सांगतं.

म्हणून त्या ज्येष्ठ वाचकांना माझं आदराने सांगणं आहे की माया आटलेली नाही. माया करायला माणूस वर्गात असावा लागतो.

आमच्यात कामचुकार नाहीत असं मी म्हणणार नाही. उशिरा येणारे आहेत, तालुक्याला राहून गावात राहतो म्हणून लिहून देणारे आहेत, वर्गात जीव नसलेले आहेत. त्यांच्यावर कारवाई व्हावी, माझी काहीच हरकत नाही, त्यांच्यामुळे बाकीच्यांना मान खाली घालावी लागते. पण कामचुकाराला लिंका आणि फोटोंनी काहीही फरक पडत नाही, उलट त्याला ते सोपं जातं, एक फोटो टाकला की काम झाल्याचा पुरावा. जो खरंच शिकवतो त्याचाच जीव जातो.

त्यात आता टीईटीचं, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचं, आलंय. सुप्रीम कोर्टाचा १ सप्टेंबर २०२५ चा निकाल, ज्यांची नोकरी पाच वर्षांपेक्षा जास्त राहिलीये त्यांना दोन वर्षांत टीईटी पास व्हावं लागेल. कोर्टाचा मान ठेवूनच बोलते, अभ्यासाला मी घाबरत नाही, पण माझ्यासोबतचे वीस-बावीस वर्षं शिकवलेले लोक रात्री जागून गाईड वाचतायत आणि सकाळी डोळे चोळत वर्गात येतायत, त्याचा परिणाम लेकरांवर होतोच. आणि नवीन येणारा शिक्षणसेवक तीन वर्षं १६ हजारांवर राबतो, घरापासून चारशे किलोमीटर लांब, त्यातून तो खोलीभाडं देणार की घरी पाठवणार. तरी आमच्या केंद्रातली ही नवीन पोरं-पोरी फार चांगलं शिकवतात, गाणी म्हणतात, लेकरं त्यांच्या मागे मागे फिरतात. मग बदली होते, आणि लेकरं कितीतरी दिवस विचारतात सर कधी येणार.

मागण्या काय आहेत ते लिहिते, पगाराची एकही नाही. जी माहिती युडायसला एकदा भरली ती परत कुणी मागू नये, अधिकाऱ्यांनी तिथूनच काढून घ्यावी, सगळं त्यांच्या कंप्युटरवर असतंच. प्रत्येक केंद्राला एक डाटा ऑपरेटर द्यावा, आठ-दहा शाळांचं ऑनलाइन काम तो आरामात करेल, आणि गावोगाव शिकलेली पोरं बिनकामाची बसलीत त्यांच्यातल्या एकाला रोजगार पण मिळेल. शाळा भरल्यापासून सुटेपर्यंत ग्रुपवर जे काय येईल त्याचं उत्तर शाळा सुटल्यावर दिलं तर चालेल असं एक लेखी पत्र निघावं, याला सरकारचा एक रुपया लागत नाही. बीएलओचं काम दुसऱ्या कर्मचाऱ्यांना द्यावं, नाहीतर निदान द्विशिक्षकी शाळा त्यातून वगळाव्यात.

आणि वाचकांना विनंती, आपल्या गावच्या शाळेत या. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात आणि निम्म्या महिला, पण मिटींगला येतात किती? सही घरी पाठवा म्हणतात. सही नको, तुम्ही या, अर्धा तास वर्गात बसा, एखाद्या लेकराचं वाचन ऐका. आजोबा लोकांना तर मी हात जोडून बोलावते, ज्यांना पाढे येतात, जुन्या गोष्टी येतात, त्यांनी परिपाठाला आठवड्यातून एकदा यावं, लेकरं किती खूष होतात ते बघा. ज्यांनी ते पत्र लिहिलं त्यांनी पण आपल्या जवळच्या शाळेत जावं, त्यांच्यासारख्या माणसाचा आम्हाला आधार वाटेल.

सगळ्यात तातडीचं शेवटी लिहिते. यंदाच्या हंगामी वसतिगृहाची मंजुरी दिवाळीची सुट्टी लागायच्या आत आली पाहिजे. टोळ्या मंजुरीची वाट बघत नाहीत, कारखान्याचं बॉयलर पेटायच्या सुमाराला गाड्या लागतात आणि दोन दिवसात गाव मोकळं होतं, मग मंजुरी आली तरी लेकरू गेलेलं असतं. गेल्या खेपेला आमच्याकडे असंच झालं, यादी आम्ही वेळेत दिली होती, पत्र आलं तोवर यादीतली निम्मी नावं फडात. या वर्षीची यादी आम्ही सरांनी आणि मी घरोघर फिरून तयार केलीये, आजी कुणाकडे आहे, कुणाकडे नाही, रात्री झोपायची सोय कशी, सगळं लिहून. चार आया म्हणाल्यात की जेवणाचं नक्की झालं तर लेकरू ठेवून जाऊ. त्यांना अजून मी हो म्हणून सांगू शकलेली नाही. जिल्ह्यातल्या ज्या कुणा अधिकाऱ्यांच्या वाचनात हे पत्र येईल त्यांनी तेवढं लवकर बघावं.

आपली नम्र,
एक जि.प. प्राथमिक शिक्षिका, बीड जिल्हा
(नाव छापू नये ही विनंती)